सव्वापाच रत्तीचा पुष्कराज

कळमनुरीत माझ्याइतका खड्यांचा पारखी दुसरा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. भिंगातून एक नजर टाकली की खडा खरा की खोटा ते मला कळायचं. गिऱ्हाईकाला कळायचं नाही, आणि माझं दुकान त्यावरच चालायचं. पिवळी काच पुष्कराज म्हणून द्यायची, सोबत जाड कागदाचं प्रमाणपत्र. ती प्रमाणपत्रं मी नांदेडला छापून आणत असे. वर सोनेरी शिक्का, खाली मीच ठोकलेली इंग्रजी सही.

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरच्या धनसिंगला मी असाच सव्वापाच रत्तीचा पुष्कराज दिला. त्याचा गुरू कमजोर आहे असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. अंगठी मीच घडवली. खडा धरणारी एक आकडी वाकडी बसली, पण म्हटलं, तांड्यावर कोण बघतंय.

१९९८च्या दिवाळीनंतर तो कामासाठी हैदराबादला म्हणून निघाला आणि त्याचा पत्ताच लागेना. महिन्याभरानं कालव्यात एक प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. बोटात अंगठी तेवढी होती. पोलीस जमादारानं मला दवाखान्यात बोलावलं. तिथे धनसिंगची बायको रूपाबाई उभी होती, बारा वर्षांच्या निताचा हात धरून. दुसऱ्या हातात माझं प्रमाणपत्र.

"सोनार म्हणतो ही काच हाये," जमादार म्हणाला. "बाई म्हणती, अंगठी अशीच व्हती, पण आमचा खडा अस्सल. तुमचा माल हाये का, तुमीच सांगा."

अंगठी हातात घेतली आणि ती वाकडी आकडी दिसली. हो म्हणावं तर फसवणुकीची केस आणि दुकानाला टाळं. मी उगाच भिंग लावून वेळ काढला.

"काच हाये," मी म्हणालो. "आपला माल न्हाई हा."

गिऱ्हाईकासमोर एवढी खरी पारख मी पहिल्यांदाच केली होती. रूपाबाई मटकन खाली बसली. मग तिनं माझ्या पायांना हात लावला. "मंग आमचे मालक जिते हायेत," ती म्हणाली. प्रेत बेवारस म्हणून जाळलं. त्या रात्री मला चांगली झोप लागली, याची आता लाज वाटते.

आठ वर्षांनी निता एकटीच दुकानात आली.

"माय म्हणती, बाप आल्याबिगर तुहं लगीन न्हाई," ती म्हणाली. "तीन सोयरिकी मोडल्या. धर्मसिंग काका बापाचे दिवस करू म्हणला, तर त्याच्या अंगावर धावून गेली. खडा तुमी पाह्यला व्हता, शेठ. तुमचं ऐकंल ती."

मी रडलो. पोरीसमोर रडलो. दुसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन रूपाबाईला सगळं सांगून टाकलं, निता आणि धर्मसिंगच्या देखत. खडा काचेचा होता, अंगठी माझीच होती, मी खोटं बोललो. केस झाली तर होऊ दे, असं ठरवूनच गेलो होतो.

रूपाबाईनं शांतपणे ऐकलं. पेटी उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं प्रमाणपत्र काढलं.

"हे तुमीच देलं ना?"

"मीच. पन खोटं हाये ते. मीच छापून आनलं."

"याच्यावर शिक्का हाये," ती म्हणाली. "तुमच्या बोलन्यावर हाये का?" मग तिनं दिराकडे पाहिलं. "धर्मसिंगनं काय देलं तुमाला, शेठ, एवढं बोलायला?"

मी शपथा घेतल्या. अंगठी दाखवली असती, पण ती कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धर्मसिंग खाली मान घालून उठून गेला. निता दाराला टेकून उभी होती.

रूपाबाईनं कागद नीट घडी करून पेटीत ठेवला आणि चुलीपुढे बसून पीठ मळायला घेतलं.

"जा तुमी आता," ती म्हणाली. "मालक कवाबी येतील, भाकरी ताजी पाह्यजे."