कानबाईचे रोट आणि अक्काचा जबडा

श्रावणातल्या ओलसर उजेडात अक्का घास चावू लागली, की तिच्या कानाच्या पुढ्यातून वाळकी काडी मोडावी तसा बारीक आवाज येई, आणि क्षणभर डोळे मिटून ती तो आवाज घासाबरोबर गिळून टाकी. अक्का म्हणजे माझी थोरली काकू. शिरपूरजवळच्या आमच्या गावात श्रावणात घरोघरी बसवतात त्या कानबाई देवीची गाणी तिच्याशिवाय उठत नसत. विसर्जनाच्या सकाळी नदीच्या वाटेवर तिचा स्वर असा मोकळा होई, की वर्षभर पदराआड राहिलेली बाई ती हीच का, असा प्रश्न पडे. तिला दुसरे काही नको होते. वर्षातली तेवढी एक सकाळ हवी होती.

कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. त्यात माझ्याही नावाची मूठ असे. रोट कुळाबाहेर द्यायचा नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही. पुरुषांची पंगत ऊन ऊन रोट दुधाशी खाऊन उठे. उरलेले, वातड झालेले रोट संपवणे सुनांकडे येई, आणि तोवर दूध आटोपलेले असे. नावे पुरुषांची आणि जबडे बायकांचे, अशी ही आमची भक्ती! तिची मला आजही चीड येते.

धुळ्याच्या डॉक्टरांनी नानाकाकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, स्पष्ट सांगितले होते, की जबड्याच्या सांध्यातली कूर्चा झिजते आहे, कठीण काही चावू देऊ नका. काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन विषय काढला नाही. त्या श्रावणात अक्काने ताट पुढे सारले आणि ती आजीला म्हणाली, "आत्याबाई, मनं तोंड भलतं दुखस. माले रोट नको."

"देवीना रोट शे तो," सगळा संपलाच पाहिजे अशा सुरात आजी म्हणाली. "बठ्ठा सराले जोयजे."

काका तिथेच सुपारी कातरत बसले होते. अक्काने ताट जवळ ओढले.

पुढे धुळ्यात वैद्यकीय शिक्षण घेताना मी सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चा पाहिली. फिकट, शांत पसाऱ्यात एकेका पोकळीत एकेकटी बसलेली पेशी; तिला ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. आपल्याभोवतीचे तंतू तीच विणते, जीर्ण झालेले तीच हलक्या हाताने काढते. पण भार सोसवेनासा झाला, दाहाचे संदेश येत राहिले, की तीच पेशी आपण विणलेले तंतू तोडणारी द्रव्ये अधिकाधिक सोडू लागते. तुटलेले तुकडे तिला आणखी डिवचतात, आणि अखेरीस ती आपल्याच पोकळीत मरून जाते. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नाही. दुखणे जाणवते ते भोवतीच्या ऊतींना, खालच्या हाडाला, तोवर बरेचसे गमावलेले असते. सर शिकवत होते आणि मला वर्गात बसवेना. इतका नेमका आमच्या घराचा कारभार मी दुसरीकडे कुठे ऐकला नव्हता.

त्या श्रावणानंतर अक्काचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. पुढच्या वर्षी नदीच्या वाटेवर बायका तिच्याकडे पाहत थांबल्या. तिने ओठ विलग केले, गालावर हात दाबला आणि ती मागे सरली. गाणे दुसऱ्या कुणीतरी उचलले, भलत्याच पट्टीत. मिरवणूक पुढे गेली, कारण मिरवणुकांना पुढेच जायचे असते.

अक्का जाऊनही आता बरीच वर्षे झाली. तिचा विषय निघाला, की नानाकाका गहिवरून म्हणतात, "तिनी कधी तोंडथून शब्द काढा नहीं," आणि भोवतालचे सगळे माना डोलावतात. मला संताप येतो. तिने शब्द काढला होता, सगळ्यांसमक्ष, स्वच्छ. मी तो ऐकला आहे. त्या एका नकाराला आता माझ्या स्मृतीखेरीज कुठेही आसरा उरलेला नाही, आणि मी गेलो की काळ अक्काला कायमची मुकाट करून टाकील.