बाहेरच्या खोलीतला आवाज

मी फाइल घेणारी खिडकी बोलतेय. नाव रुक्ष वाटेल, पण तुम्ही मला पाहिलेलं आहे. वेबसाइटवर फॉर्म भरताना ‘फाइल निवडा’ असं लिहिलेली चौकट येते ना, ती मी. लोक माझ्याकडे फोटो देतात, कागद देतात, आणि लगेच विसरून जातात. विसरावंच. खिडकीची आठवण कोण ठेवतं?

माझा जन्म कोरियातल्या एका डोंगराळ तालुक्याच्या सांस्कृतिक केंद्रात झाला. धरण बांधलं तेव्हा तिथलं एक अख्खं गाव पाण्याखाली गेलं होतं. माणसं पांगली, म्हातारी झाली. केंद्रातल्या मालसुकबाईंनी ठरवलं, की त्या गावाचे जुने फोटो एका जागी आणायचे. त्यांनी वेबसाइट करून घेतली, आणि दोग्योंग नावाच्या कारागिरानं तिच्यात मला बसवलं.

दोग्योंग कमी बोलणारा, संशयी माणूस. उघड्या खिडकीतून कोण काय फेकेल याचा नेम नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं मला बजावलं, की फक्त फोटो घ्यायचे, दुसरं काही आलं तर परत पाठवायचं. माझ्यामागे त्यानं दोन खोल्या केल्या. निवडलेली फाइल आधी बाहेरच्या खोलीत येते. माणसानं फॉर्म पुरा भरून खाली ‘जमा करा’ दाबलं, की ती आतल्या खोलीत जाते आणि तिची नोंद होते. न दाबता माणूस निघून गेला, तर काही तासांनी झाडू फिरतो आणि बाहेरची खोली रिकामी होते. यात वावगं काही नाही. लोक चुकीचे फोटो निवडतात, कंटाळून उठतात, त्यांचा पसारा किती दिवस ठेवणार?

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. माझ्यातून लग्नाच्या मिरवणुका गेल्या, शाळेच्या सहली गेल्या, एकदा तर नुसत्या एका पर्सिमनच्या फळझाडाचा फोटो गेला.

मग गाप्सू आजोबा आले. त्या बुडालेल्या गावचे ते नावाडी होते. आता धरणाच्या अलीकडच्या वस्तीत एकटेच राहायचे. त्यांची बायको बुन्ये हिवाळ्यात गेली होती. तिनं सोयाबीनच्या शेंगा निवडताना म्हटलेलं एक गाणं त्यांच्या फोनमध्ये होतं. तिचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता. शरदात गावकरी पाण्याकाठी पूजेला जमतात, तेव्हा ते गाणं सगळ्यांनी ऐकावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी ते माझ्याकडे दिलं, आणि मला शिकवल्याप्रमाणे मी ते परत पाठवलं.

त्यांनी थेट केंद्रात फोन लावला. “बाई, तुमची खिडकी माझ्या बायकोला आत घेत नाही. जिवंतपणी तिला कुणी दारात अडवलं नव्हतं हो.”

मालसुकबाई हसल्या आणि दोग्योंगच्या मागे लागल्या. त्यानं कुरकुर केली, पण मला आवाज घ्यायला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या विरंगुळ्याच्या जागी आजोबांनी मला पुन्हा उघडलं. खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर बसून म्हातारे-म्हाताऱ्या पत्ते खेळत होते. त्यातली एक म्हणाली, “गाप्सू, बाईमाणूस गेली तरी तिला स्वस्थ बसू देऊ नकोस.” आजोबांनी लक्ष दिलं नाही. मी फाइल घेतली. फाइलचं नाव हिरव्या अक्षरांत उमटलं, शेजारी वाजवायची खूण आली. आजोबांनी ती दाबली.

बुन्येआजीचा आवाज जरासा घोगरा होता. गाणं शेंगांचं, पण मध्येच ते तुटलं आणि ती म्हणाली, “अहो म्हातारे, ते यंत्र ठेवा आणि चार शेंगा निवडा की.” मग पुन्हा गाणं सुरू. पत्ते थांबले. मघाची ती म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “अगदी तीच. बोलणं सुद्धा तिखट.”

“पोचली,” आजोबा म्हणाले. “आता ती केंद्रात राहील.” आणि त्यांनी फोन खिशात ठेवला.

‘जमा करा’ हे बटण त्या लहानशा पडद्यावर पार खाली होतं. नाव, वाडी, संमतीची खूण, हे सगळं ओलांडून तिथपर्यंत जावं लागायचं. हिरवं नाव दिसलं, आवाज ऐकू आला, मग आणखी खाली कोण कशाला जाईल? मला बोलता आलं असतं तर मी त्यांना हाक मारली असती. पण दोग्योंगनं दिले तेवढेच शब्द माझ्याजवळ होते, आणि त्यांत ‘थांबा’ नव्हता. बुन्येआजी बाहेरच्या खोलीत थांबली. ठरल्या वेळी झाडू आला.

पुढे आजोबांच्या वाढदिवसाला बुसानहून त्यांची मुलगी मीरान आली. तिनं बापासाठी मोठ्या अक्षरांचा नवा फोन आणला होता. जुना तिनं दुकानात देऊन टाकला. दुकानदारानं नंबर आणि फोटो नव्यात घालून दिले. आवाजाचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आजोबांना चिंता नव्हती. त्यांच्या लेखी आवाज केंद्रात होता.

शरदात पाण्याकडे तोंड करून पूजेचं टेबल मांडलं गेलं. फळं, तांदळाचे केक, सुकी मासळी, दारूची वाटी. मालसुकबाईंनी लॅपटॉप उघडला होता, म्हणून मीही तिथं होते. पाण्याला वाकून नमस्कार झाल्यावर आजोबा जवळ आले आणि म्हणाले, “आता तिचं लावा.”

मालसुकबाईंनी आतली खोली शोधली. पुन्हा शोधली. दोग्योंगला फोन केला. आजोबा हात मागे बांधून पाण्याकडे बघत उभे होते. त्यांच्या जुन्या घरावर त्या वर्षी बरंच पाणी होतं.

चार दिवसांनी दोग्योंग स्वतः केंद्रात आला. त्यानं आजोबांना बोलावून घेतलं आणि खरं ते सांगितलं. गाणं आलं होतं, पण ठेवलं गेलं नाही. बाहेरच्या खोलीची दुसरी प्रत कुठेच केली जात नाही.

“पण मी ऐकलं ना,” आजोबा म्हणाले. “सगळ्यांनी ऐकलं.”

“हो आजोबा. तेव्हा होतं.”

मालसुकबाईंनी विचारलं, गाणं होतं तो फोन कुठे आहे? आजोबांनी खिशातून नवा फोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “तो गेला. पण मीरानला यातलं काही कळू देऊ नका. पोरीनं हौसेनं नवा आणलाय.”

ते दारापर्यंत गेले, आणि टोपी विसरली म्हणून परत आले. दोग्योंगला ती त्यांच्या हातात देतानाही वर बघवलं नाही.

त्यानंतर त्यानं मला बदललं. आता फाइल आली की मी हिरवं काही दाखवत नाही. ‘अजून ठेवलेलं नाही,’ असं मोठ्या अक्षरांत सांगते. बटण फाइलच्या लगेच खाली आहे. कुणी तसंच निघालं तर ‘ठेवायचं नाही का?’ असं मी विचारते. लोक वैतागतात, ‘कळलं गं बाई’ म्हणतात. म्हणू देत.

पुढच्या वसंतात मीरान एकटीच केंद्रात आली. आजोबा गेले होते. त्यांचा होडीतला तरुणपणीचा फोटो तिनं आणला होता. तो देण्याआधी ती म्हणाली, “आईचा आवाज तुमच्याकडे आहे ना? मी विचारलं की बाबा म्हणायचे, केंद्रात नीट आहे, घाई काय. आज ऐकवाल?”

मालसुकबाईंनी चहाची वाटी तिच्याकडे सरकवली. “तो आमच्याकडून गेला,” त्या म्हणाल्या. “आला होता. आम्हाला ठेवता आला नाही.”

“कधी?”

“पूजेच्या आधी.”

मीरान वाटीकडे बघत राहिली. “म्हणजे ते मला सांगत होते तेव्हा नव्हताच.” मग अगदी हळू विचारलं, “जुन्या फोनमध्ये होता का?”

 मालसुकबाई म्हणाल्या, “तुम्ही नवा फोन हौसेनं आणला होता, एवढंच ते बोलले.”

मीरान रडली. मोठ्यानं नाही, पण पुष्कळ वेळ. चहा निवला. नंतर तिनं तोंड धुतलं, खुर्ची ओढली आणि फोटो माझ्याकडे दिला. मी सांगितलं, अजून ठेवलेला नाही. तिनं बटण दाबलं. मी म्हटलं, ठेवला.

“नक्की?” तिनं विचारलं. मालसुकबाईंनी आतली खोली उघडून दाखवली. होडीत एक तरुण माणूस वल्ह्यावर रेलून हसत होता.

आता केंद्र नवी वेबसाइट करतंय. आतल्या खोलीतलं सगळं तिकडे जाईल. मी जाणार नाही, जुनी खिडकी कुणी सोबत नेत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त, तुम्ही कुणाचा आवाज कुणाकडे दिलात, तर तो ठेवला गेल्याचं डोळ्यांनी बघेपर्यंत आपल्याजवळचा सोडू नका.

आणि मालसुकबाई, नवी खिडकी बसली की तिला गाप्सू आजोबांबद्दल सांगा.