पाण्याबरोबर बशी येत नाही

स्पेनमधल्या आमच्या उबेदात नवा आलेला माणूस विचारतो, संध्याकाळी जेवायचं कुठे? आमच्या गावचा माणूस सांगतो, जेवायला कशाला जातोस, तीन बिअर घे. कारण इथे प्रत्येक पेल्याबरोबर खाण्याची एक बशी फुकट येते. तिला तापा म्हणतात. बशीत काय द्यायचं ते आम्ही बारवाले ठरवतो, गिऱ्हाईक नाही. पहिल्या पेल्याला ऑलिव्ह आणि पाव, दुसऱ्याला तळलेले मासे, तिसऱ्याला काहीतरी रश्शाचं. पोट भरतं आणि जेवलो असंही होत नाही.

बाल्दोमेरोला नेमकं हेच हवं होतं. बायको गेल्यापासून सहा वर्षं तो रोज साडेआठला माझ्या बारमध्ये येऊन पेले ठेवायच्या लांब फळीशी उभा राही, तीन पेले घेई, तीन बशा साफ करी आणि घरी जाई. टेबलावर तो कधी बसला नाही. एकटा पुरुष टेबलावर जेवायला लागला की गाव समजतं, याच्या घरी चूल पेटत नाही. फळीशी उभा असलेला मात्र नुसता गप्पा मारायला आलेला असतो.

मार्चात डॉक्टरांनी त्याची दारू बंद केली. त्या संध्याकाळी त्याने पाणी मागितलं. बशी बिनदारूच्या बिअरबरोबरही मिळते, पण ती पिणाऱ्यांची त्याने जन्मभर टर उडवलेली, ती आता कुठल्या तोंडाने मागणार? मी आत स्वयंपाकघरात असते; फळीमागे माझा भाऊ लिनो होता. लिनो नियमाचा पक्का. पाण्याबरोबर बशी येत नाही, म्हणून त्याने नुसता पेला ठेवला. बाल्दोमेरो पाणी प्यायला आणि गेला. असं तीन आठवडे चाललं. मग एकदा त्याच्या पट्ट्याला पाडलेलं नवं भोक मला दिसलं आणि मी लिनोवर तडकले.

"डोळे आहेत की बटणं? माणूस रोज उपाशी जातोय."

"मग मागायचं ना त्याने."

"तो मागेल? मेला तरी मागणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच पाण्याबरोबर बटाट्याचं ऑम्लेट पुढे केलं. त्याने बशी परत सरकवली.

"चुकून आली वाटतं, कुस्तोदिया. मी घरी जेवतो."

"काय जेवता?"

"असतं काहीतरी."

मला राग आला आणि रडूही आलं. गुरुवारी मी सशाच्या रश्शात कणकेच्या चकत्या सोडल्या, पातेलं खिडकीजवळच्या टेबलावर नेलं, दोन ताटं मांडली आणि एप्रन काढून ठेवला. तो आला तशी मी हाक मारली.

"बाल्दोमेरो, माझं एक काम करा. मी रोज स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवते. आज बसून जेवायचंय, पण एकटीला बसायची लाज वाटते."

हे मी त्याच्यासाठी रचून ठेवलं होतं. बोलता बोलता कळलं की ते खरंच आहे.

"गाव बोलेल," तो हळूच म्हणाला.

"बोलू दे. तेवढीच त्यांची करमणूक."

फळीशी उभी असलेली मंडळी वळून पाहू लागली. लिनोसुद्धा पेले पुसायचा थांबला. बाल्दोमेरोने टोपी काढली, खुर्ची ओढून बसला, पळी उचलली आणि आधी माझ्या ताटात वाढलं.

तीस वर्षं मी या गावापुढे बशा ठेवतेय. माझ्यापुढे कुणी ठेवल्याचं मला आठवेना.