खुनी कोण, ते न सांगता

आमच्या मंडळाचे नियम दोनच. जे पुस्तक वाचलं नाही त्याचं कौतुक करायचं नाही, आणि खुनी कोण ते सांगायचं नाही.

मंडळ म्हणजे आम्ही एकोणीस जण, सगळे खुनाच्या गोष्टी लिहिणारे. बहुतेक बायका, त्याही साठीच्या पुढच्या. कुणी वेल्समध्ये, कुणी कॉर्नवॉलला, मी इथे समुद्रकाठच्या स्कारबरोत. पुस्तकं आमची आम्हीच छापतो, म्हणून ती लोकांपर्यंत पोचवायचं कामही आमच्याच गळ्यात. एकटीने स्वतःचे ढोल बडवले तर कुणी ऐकत नाही. शेजारणीने आपली तारीफ केली की लोक कान देतात. हे ओळखून वेल्सच्या रिऍननने पाच वर्षांपूर्वी आम्हांला इंटरनेटवर एकत्र आणलं. प्रत्येकाचे थोडेफार वाचक आहेत, त्यांना महिन्याला एक ईमेल जाते. माझे चारशे बारा. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही पडद्यावर जमतो, रिऍनन चहाची किटली गरम ठेवायच्या लोकरी टोपीतून चिठ्ठ्या काढते, आणि आपल्या वाट्याला ज्याचं नाव येईल त्याचं पुस्तक वाचून आपण आपल्या वाचकांना कळवायचं.

आमच्यातल्या डेझमंडने एकदा लिहून टाकलं, ‘तो टपालवाला असेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं.’ शिक्षा म्हणून त्याला नवी टोपी विणायला लावली. हल्ली चिठ्ठ्या निघतात त्या तिच्यातूनच.

ऑक्टोबरात माझ्या चिठ्ठीवर नाव आलं, ॲडा मॉर्टन. ही बाई मंडळात मार्चमध्ये आली होती. पडद्यावरच्या तिच्या चौकटीत कायम छताचा एक कोपरा आणि दिव्याची शेड दिसायची. बोलायची नाही, ‘सर्वांना नमस्कार’ एवढं टाइप करायची आणि बसून राहायची. तिथे मीही बेरिल आउथवेट नाही, व्हेरा लिंटन आहे. टोपणनावं आमच्यात सर्रास चालतात.

नॉर्मन, माझा नवरा, सकाळी चहा घेऊन आला. “आज किती गेले?” हे तो रोजच विचारतो.

“अजून एकही नाही. दुसरीचं वाचतेय.”

“मग अंडं उकडतो. कुणी मेलं की हाक मार.”

एकोणिसाव्या पानावर माणूस मेला. त्याच्या कोटाच्या खिशात लायब्ररीचं पुस्तक निघालं, आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली बेकनची पट्टी.

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात, मी नोकरीला होते त्या लायब्ररीत एका गृहस्थाने खरोखरच असं पुस्तक परत केलं होतं. कच्च्या बेकनची पट्टी, दोन पानांना चिकटलेली. काउंटरवर मी आणि ग्लेन्डा पिकर्सगिल. आम्ही दोघी इतक्या हसलो की मुख्य ग्रंथपाल बाईंनी आम्हांला मागच्या खोलीत पाठवलं. त्या वर्षी पाऊस नव्हता, गवत जळून पिवळं पडलं होतं, आणि त्या खोलीत रद्द झालेल्या कार्डांचे गठ्ठे रचलेले होते. ग्लेन्डा म्हणाली, “हा माणूस मेला आणि खिशात हेच सापडलं तर?” मी एक कार्ड उलटं करून लिहायला घेतलं.

दहा प्रकरणं झाली. एक माझं, एक तिचं. जेवणाच्या सुट्टीत सँडविच एका हातात आणि पेन्सिल दुसऱ्या. डाव्या हाताचा मोजा रविवारसाठी राखून ठेवणारी घरमालकीण मी काढली होती. ती हुबेहूब माझी सख्खी आत्या होती. भांडण झालं ते अकराव्याला. खुनी कोण, यावर आमचं जमेना. तिचा एक, माझा दुसरा. कोण ते विचारू नका; का, ते पुढे कळेल. चार दिवस धुसफूस चालली. मग मी लायब्ररीतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझ्या खुन्यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही.”

ती शांतपणे म्हणाली, “तुला माणसं कळत नाहीत, बेरिल. कधी कळणारही नाहीत.”

पुढच्या वसंतात तिचं लग्न झालं, ती ॲबर्डीनला गेली आणि कार्डांचा बुटाचा खोका घेऊन गेली. मला बोलावणं नव्हतं. मी पत्र टाकलं नाही, तिनेही नाही. तिच्यासारखी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही, हे मी नॉर्मनलाही कधी सांगितलं नाही. त्याला ते माहीत असावं.

आता पुढे वाचत गेले तसा पारा चढला. मोजा होता. आत्या होती. भरतीचं वेळापत्रक चुकीचं वाचणारा पाद्री, तोही माझाच. सातव्या प्रकरणाशी मी वाचणं थांबवलं आणि रिऍननला फोन लावला.

“ॲडा मॉर्टनच्या पुस्तकाबद्दल मी काही लिहिणार नाही. ते अर्धं माझं आहे.”

“म्हणजे चोरलंय?”

“सत्तेचाळीस वर्षांपूर्वी खोक्यात घालून नेलंय.”

रिऍननने विचारलं, “शेवटपर्यंत वाचलंस?”

“सातपर्यंत.”

“मग तू अजून वाचलेलं नाहीस, राणी. वाचलं नाही त्याची तारीफ करता येत नाही, तशी निंदाही नाही. आधी संपव, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. मी स्वतः तिला मंडळातून काढीन.”

फोन ठेवल्यावर नॉर्मन म्हणाला, “ग्लेन्डा का?” मी मान हलवली. त्याने माझा कोट आणून दिला. “बाहेर जाऊन वाच. घरात बसलीस तर भांडी फोडशील.”

मी नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर बाकावर जाऊन बसले. समुद्र ओसरलेला होता. पलीकडच्या बाकावर एक सीगल कुणाच्या तरी चिप्सवर नजर ठेवून होता. आठवं, नववं, दहावं प्रकरण ओळखीचंच. अकरावं नवं. तिथून पुढे सगळं तिचं एकटीचं, पण वाक्यं मात्र माझ्यासारखी आखूड. जणू माझी पाळी आली की ती माझ्या खुर्चीत बसून लिहीत होती. संशय आधी तिने तेव्हा ठरवलेल्या माणसावर गेला. मला वाटलं, झालं, शेवटी आपलंच खरं केलंन. पण त्याला तिने निर्दोष सोडलं. शेवटून तिसऱ्या पानावर खुनी पकडला गेला.

तो माझा होता.

त्या उन्हाळ्यात मी जो म्हटला होता, तोच. आणि कारणही मी दिलं होतं तेच, फक्त जास्त नीट पटवलेलं. त्या वेळी मला ते तसं मांडता आलं नव्हतं. सगळ्यात शेवटच्या पानावर अर्पणाची ओळ होती: ‘जिचं बरोबर होतं तिला.’

सीगलने चिप्स पळवल्या, कुणीतरी ओरडलं. मी तशीच बसून राहिले. डोळे पुसायला रुमाल नव्हता, कोटाच्या बाहीने काम भागवलं.

आता पंचाईत अशी की हे तिला कळवायचं कसं. लपून राहणाऱ्या माणसाच्या दारावर एकदम थाप मारू नये. पण आमच्या ईमेल मंडळात सगळेच वाचतात. म्हणून माझ्या चारशे बारा वाचकांना मी लिहिलं:

‘ॲडा मॉर्टन यांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचा. मध्येच सोडलंत तर लेखिकेवर अन्याय कराल. मी तो एकदा केला आहे. खुनी कोण ते सांगत नाही. एवढंच सांगते की मी असते तर हाच निवडला असता. आणि या बाईंना माणसं कळतात. त्यांच्या एका मैत्रिणीला नीट कळत नव्हती, ती अजून शिकते आहे.’

नोव्हेंबरचा मंगळवार आला. रिऍननने टोपी पुढे घेतली. ॲडाच्या चौकटीतलं छत हललं, दिवा कलला, आणि खाली सरकत सरकत एक पांढऱ्या केसांची बाई दिसायला लागली. हनुवटीवरचा खड्डा तसाच होता.

“आवाज येतोय का माझा?” ती म्हणाली. “हे यंत्र मला अजून नीट जमत नाही.”

“येतोय,” मी म्हणाले. “सहज आलीस मंडळात?”

“सहज कशाला येतेय. तुझ्या पुस्तकामागे तुझा फोटो पाहिला. मग सात महिने चिठ्ठीची वाट बघत बसले. डेझमंडच्या वाट्याला गेले असते तर माझं काय झालं असतं.”

“मी इथेच आहे,” डेझमंड म्हणाला.

“अकरावं प्रकरण लांबलंय, ग्लेन्डा,” मी म्हणाले.

“माहीत आहे. तुझी पाळी होती. मला तुझ्यासारखं थोडक्यात आवरता येत नाही.” तिने खाली वाकून काहीतरी उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. बुटाचा खोका होता, कडा चिकटपट्टीने सांधलेल्या. “यात अजून शंभरेक कोरी कार्डं आहेत, बेरिल.”

रिऍनन म्हणाली, “चिठ्ठ्या काढू का, की तुमचं चालू राहू दे?”

“काढ,” आम्ही दोघी म्हणालो. नॉर्मनने माझ्याजवळ चहा आणून ठेवला आणि पडद्याकडे वाकून ग्लेन्डाला विचारलं, “कोण मेलं?”