पुन्हा फुंक

क्रेनवाल्याने नळीत जोरात फुंकलं. दारू तपासायच्या यंत्रावर शून्य उमटलं. गेटवरच्या वॉचमनने यंत्र तळहातावर दोनदा आपटलं, शून्याकडे पाहिलं, मग क्रेनवाल्याच्या पोटाकडे.

"पुन्हा फुंक."

त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, की ही युक्ती आम्हालाही शिकव एकदा. रांग हसली. क्रेनवाला शर्ट खाली ओढत आत गेला. शर्ट बेंबीच्या वरच अडकला.

हा माणूस जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. त्याच्या वडिलांनी सगळं घर पिऊन टाकलं होतं आणि त्यांना हाताला धरून घरी आणायचं काम याच्याकडे असे. तेव्हाच त्याने कानाला खडा लावला होता. पण हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट नगाऱ्यासारखं पुढे आलं, तेव्हा लोकांना तेच वडील आठवले. बापाच्या वळणावर गेला, एवढं बोलून सगळे मोकळे झाले. कारखान्यात त्याचं नाव 'टाकी' पडलं.

कंपनीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. आत पाणी साचलंय म्हणाले आणि रोज किती घेता ते विचारलं. घेत नाही, असं याने सांगितलं. सगळे हेच सांगतात, असं म्हणत त्यांनी लिहायला घेतलं. दुसरं काही औषध चालू आहे का, हेही विचारलं, तर याने मान हलवून नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं. दात घासले की पित्ताची गोळी आणि गोळी झाली की चहा, हे इतकी वर्षं चाललं होतं की त्या गोळीला तो औषध समजतच नव्हता.

क्रेन काढून घेतली. नशेचा माणूस लोकांच्या डोक्यावरून टनभर लोखंड फिरवणार म्हटल्यावर कुणीही घाबरेल, त्यात मॅनेजर साहेबांचं काही चुकलं नाही. चुकलं ते इतकंच, की माणूस नशेचा नव्हता. त्याला खाली स्टोअरमध्ये बसवलं. तिथल्या खिडकीतून तो हातमोजे आणि नटबोल्ट देई आणि वर क्रेन सरकल्याचा आवाज आला की मान वर करी. नवीन माणूस वजन झुलवत नेत होता. याने उभ्या आयुष्यात वजन झुलू दिलं नव्हतं.

शेवटी बायको हट्टाने त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर बाईंनी सुई घालून पिवळसर पाणी काढलं. लिव्हर तपासलं, हृदय तपासलं, पाणीही तपासलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते क्रमाने सांगायला लावलं. गोळीपाशी त्यांनी त्याला थांबवलं.

"याच गोळीमुळे झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण अशी तक्रार क्वचित नोंदवलेली आहे. बंद करून बघू."

गोळी बंद झाली. छातीत जळायचं, तेव्हा तो पलंगाचं डोकं विटांवर चढवून झोपायचा आणि शिव्या घालायचा. पण पाणी परत भरलं नाही. पट्टा जुन्या भोकावर आला, गालांवर मांस चढलं आणि कारखान्यात आनंदीआनंद झाला. सुटली एकदाची, असं म्हणत जो तो त्याचे हात हातात घेऊ लागला. त्याने गोळीचं सांगितलं की लोक डोळा मारत. ती गोळी तर आम्हीही घेतो म्हणत.

मॅनेजर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. कामगारांच्या मेळाव्यात त्याचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं होतं. स्टेजवर त्याने दोनच शब्द बोलायचे, आपण कशी सोडली ते सांगायचं. लगेच कंपनीचे डॉक्टर सही करतील आणि सोमवारी तो पुन्हा वर क्रेनवर. साहेब माणूस मनाने वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की आपण कुणाला तरी वाचवलं.

घरी आल्यावर त्याने हे बायकोला सांगितलं. त्याचा शर्ट हातात घेऊन ती मोरीकडे निघाली होती.

"म्हणून टाका ना," ती म्हणाली. "दोन शब्दांनी काय जातंय? क्रेन तरी मिळेल."

बोलता बोलता तिने शर्ट नाकाशी नेला, एक श्वास घेतला आणि मग बादलीत टाकला. ती हे रोजच करत होती. त्याला वाटायचं, घाम बघते. आज त्याने पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला, ती कसला वास शोधते ते त्याला कळलं आणि तो न जेवताच उठला.

मेळाव्याला घरचेही आले होते. बायको तिसऱ्या रांगेत होती. साहेबांनी गुच्छ पुढे केला, टाळ्या पडल्या. क्रेनवाल्याने गुच्छ घेतला नाही, माईक घेतला.

"मी दारू सोडली नाही," तो म्हणाला.

गुच्छ साहेबांच्या हातात तसाच राहिला.

"सोडायला आधी घ्यावी लागते. मी कधीच घेतली नाही. मी पित्ताची गोळी सोडली. त्याचा सत्कार करायचा असला तर करा."

मागे कुणीतरी हसलं. तो हसणाऱ्याकडे बघत नव्हता, तिसऱ्या रांगेकडे बघत होता. मग माईक जागेवर ठेवून तो खाली उतरला. साहेबांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. सोमवारचं कुणीच काही बोललं नाही.

दोघं घरी आले. त्याने शर्ट काढला. तिने हात पुढे केला, शर्ट लांबूनच धरला आणि थेट बादलीत सोडला. त्याने तो बादलीतून काढून पुन्हा तिच्या हातात दिला.

"वास घे."

"नको."

"गेटवर मला रोज दोनदा फुंकावं लागतं. घे."

तिने शर्ट नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. शर्टामागून तिचा आवाज आला.

"घाम आहे नुसता."

"तोच होता," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. डोळे त्याच शर्टाला पुसले.

"आणि क्रेनचं काय?"

"उद्या मागतो. नाही म्हणाले, की परवा मागतो."

"मी येते गेटपर्यंत," ती म्हणाली आणि शर्ट बादलीत बुडवला. "बघू, दुसऱ्यांदा कोण फुंकायला लावतंय."