तीन कुत्री, चार शेपट्या

गोणी काही केल्या गाडीत चढेना.

गोणी म्हणजे बसबाईंची मधली कुत्री. नाव आणि आकार यांत काडीचाही फरक नाही. तिनं बसच्या दारासमोर बूड टेकलं होतं आणि या सगळ्या गडबडीशी आपला संबंधच नाही अशा थाटात ती रस्त्याकडे बघत होती. धाकटी शिट्टी आदल्या दिवसापासूनच आत मुक्काम ठोकून होती. हे लोक आपल्याला टाकून पळणार याची तिला पक्की खात्री होती. सगळ्यांत थोरला कुत्रा, म्हातारे पंत, फळीवरून एकेक पाऊल टाकत वर गेले होते आणि आता खिडकीशी बसून, गाडी वेळेवर न सुटलेल्या प्रवाशासारखं तोंड करून खाली बघत होते.

"ढकला हो जरा!" बसबाई आतून ओरडल्या.

"ढकलतोय!" बसबाईंचा नवरा, म्हणजे बेकरकाका, खालून म्हणाले. "उभा जन्म पिठाची पोती उचलण्यात गेला माझा. पण पोतं कधी उलट ढकलत नव्हतं."

बसबाई हे नाव पोरांनी पाडलेलं. त्या शाळेची बस चालवायच्या, आणि शाळेतून बाहेर पडलेली पोरं मोठी होऊन मिशा फुटल्या तरी त्यांना बसबाईच म्हणायची. पुढं सगळी गल्लीच म्हणायला लागली. ज्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, त्याच वर्षी शाळेनं त्यांची जुनी बसही मोडीत काढली. "मला काढलं ते ठीक, तिला कशाला?" असं म्हणून त्यांनी ती घरी आणली. मग काय, गल्लीतल्या मोकळ्या जागेत वर्षभर ठोकाठोक. पुढची दोन बाकं ठेवून बाकीची काढली. मागं आडवा पलंग आला, मधे ओटा, दोन शेगड्या, हात धुवायला बेसिन, पाण्याची टाकी. काकांनी हट्टानं एक चिमुकली भट्टी बसवून घेतली. "अहो, सुट्टीवर निघालोय आपण," बसबाई म्हणाल्या होत्या. त्यावर काका म्हणाले, "मी सुट्टीवर आहे. पाव नाही."

काकांची बेकरी आता लेक सांभाळत होती. तीही निरोप द्यायला आली होती, कोपरापर्यंत पीठ घेऊन.

"आई, परत कधी येणार ते तरी सांग."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे आधी समुद्राच्या कडेकडेनं वर जायचं. मग डोंगर. मग बघू."

लेकीनं बापाकडे पाहिलं. बाप गोणीच्या बुडाला खांदा लावून बसला होता, त्यामुळे तिकडून काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

एवढ्या गलक्यात शेजारचं फाटक उघडलं आणि दातांचे डॉक्टर बाहेर आले. तोंडात ब्रश, अंगात घरचा सदरा. त्यांचं घर आणि बसबाईंचं घर यांच्यात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीवरून गेली दोन वर्षं त्यांचं पटत नव्हतं. बसबाईंची कुत्री भुंकायला लागली की डॉक्टर दारात हजर. आवाज चढवायचे नाहीत, पण "जरा बघा बाई, फार होतंय," असं इतक्या थंडपणे म्हणायचे की दाढ उपटून घेतलेली परवडली.

"निघालो बरं का डॉक्टर," बसबाईंनी खिडकीतून हात हलवला. "आता तुम्हाला शांतता."

डॉक्टर फेसातून काहीतरी बोलले. ते कुणालाच कळलं नाही.

शेवटी बसबाईंनाच युक्ती सुचली. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या, इंजिन चालू केलं आणि दार उघडं ठेवूनच बस हातभर पुढं घेतली. गोणीचे कान ताठ झाले. बस आणखी हातभर पुढं गेली. आणि एका क्षणात ती अजस्र कुत्री उठली, काकांना आडवं करून, लेकीच्या हातातली पावाची पिशवी उडवून थेट आत! गल्लीनं टाळ्या पिटल्या. पाव गोळा करा, काकांना उभं करा, शिट्टीला आवरा, असा एकच गोंधळ उडाला. मग लेकीनं आईच्या गालाला पीठ लावलं, दार धाडकन मिटलं आणि बस निघाली.

गल्ली संपून चौक आला. या चौकात शाळेची बस कायम डावीकडे वळायची. बसबाईंच्या हातांना तर इतकी सवय की सुट्टीच्या दिवशी भाजीला निघाल्या तरी त्या चालता चालता डावीकडे वळायच्या. आज त्यांनी उजवा दिवा लावला.

"अहो, मी उजवीकडे वळतेय!"

"वळ की."

"वळले!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की पंतांनीही एकदा भुंकून घेतलं, आणि पंत सहसा कशालाही अनुमोदन देत नसत.

घरं विरळ झाली, गोदामं संपली, आणि समोर नुसता रस्ता उरला. शाळेची बस असताना इंजिनाला वेगाचं कुलूप होतं; मेकॅनिकनं ते काढून दिलं होतं. बसबाईंनी पाय जरासा दाबला. म्हातारी बस आधी कुरकुरली, मग खाकरली आणि मग अशी काही सुटली की बसबाईंनी, लहानपणी झोपाळा वर गेला की ठोकायच्या, तशी आरोळी ठोकली. त्या हसायलाच लागल्या. पाठीमागं रडणारं, ओकणारं, डबा विसरलेलं एकही पोर नव्हतं. कुणाला कुठं वेळेवर पोचवायचं नव्हतं.

पहिलं मोठं वळण आलं आणि मागं प्रचंड खणखणाट झाला. ओट्याचे सगळे खण एकदम बाहेर आले होते.

"स्वयंपाकघर गेलं!" काका म्हणाले.

"खिट्ट्या लावायच्या राहिल्या वाटतं."

"वाटतं कशाला? चमचे माझ्या पायाशी आलेत भेटायला."

काका रांगत रांगत चमचे गोळा करायला मागं गेले. थोडा वेळ नुसती खणखण ऐकू आली. मग ती थांबली.

"अगं ए," काका पलंगाखालून म्हणाले. "आपली कुत्री किती?"

"काय हो हे? तीन."

"पंत खिडकीशी आहेत. शिट्टी माझ्या पाठीवर चढलीय. बरोबर?"

"बरोबर."

"मग इथं पलंगाखाली दोन शेपट्या कशा?"

"गोणीच्याच असतील."

"गोणी मोठी आहे गं, पण दोन शेपट्यांची नाही."

बसबाईंनी गाडी कडेला घेतली. पलंगाखाली गोणीच्या कुशीत, पाय पोटाशी घेऊन, एक सोनेरी केसांचा, विंचरलेला, पावडरीचा वास येणारा कुत्रा बसला होता. डॉक्टरांचा युवराज! पट्ट्याशिवाय कधी फाटकाबाहेर न आलेला, डबक्याला वळसा घालून जाणारा युवराज. गोणी आत शिरली त्या गोंधळात तोही शिरला असणार.

काकांनी कपाळावर हात मारला.

"आता डॉक्टर आपल्यावर केस ठोकणार," काका म्हणाले.

तक्रारीपुरता का होईना, डॉक्टरांचा नंबर बसबाईंकडे होता. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. मागं रस्त्याचा आवाज येत होता आणि डॉक्टरांना धाप लागली होती.

"डॉक्टर, युवराज आमच्याकडे आहे. सुखरूप आहे. आमच्या लक्षातच आलं नाही हो—"

पलीकडे पट्ट्याची कडी खणकन वाजली.

"मी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या," डॉक्टर म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "कुठं आहात? थांबा तिथंच. मी येतो."

थोडं पुढं पेट्रोल पंप होता, त्याचाच पत्ता बसबाईंनी दिला. पंपाच्या मागून एक उथळ नदी जात होती. तिच्या काठावर त्यांनी बस लावली. "पहिल्याच दिवशी खोळंबा," असं बसबाई म्हणाल्या खऱ्या, पण दार उघडताच चारही कुत्री बाहेर पडली आणि त्यांचं मन पुन्हा उडायला लागलं. गोणी सरळ पाण्यात जाऊन बसली. शिट्टी काठावरून तिला सूचना देत राहिली. युवराज पाण्यापाशी आला, एक पाय उचलला, परत ठेवला. मग गोणीनं अंग झाडलं आणि तो नखशिखान्त भिजला. एवढंच निमित्त पुरलं. पुढच्या क्षणी तो चिखलात लोळत होता, आणि कुठला भाग सोनेरी होता ते सांगता येत नव्हतं.

काकांनी भट्टी पेटवली. "थांबायचंच आहे तर पाव लावतो," म्हणाले. उघड्या दारातून भाजक्या पावाचा वास नदीवर पसरला आणि पंपावरचा माणूस वास घेत घेत येऊन बस बघून गेला.

डॉक्टरांची गाडी आली तेव्हा पाव नुकताच बाहेर निघाला होता. डॉक्टर पांढरा कोट घालूनच आले होते. खिशातून दात बघायचा छोटा आरसा डोकावत होता. हातात पट्टा. चेहरा असा की बसबाईंनी मनातल्या मनात माफीची सगळी वाक्यं जुळवून ठेवली.

पण त्यांना काही बोलावंच लागलं नाही. कारण तेवढ्यात नदीतून एक भुंकणं आलं. खणखणीत, उंच, ऐटबाज.

डॉक्टर जागीच थांबले. "हे कोण भुंकलं?"

"तुमचाच की," काका म्हणाले. "मघापासून चाललंय."

"युवराज?"

युवराजनं त्यांना पाहिलं, धावत आला, कोटाच्या पांढऱ्या बाहीवर दोन चिखलाचे पंजे उमटवले, भुंकला आणि उलट पावली गोणीकडे पळाला.

डॉक्टर बसच्या पायरीवर बसले. काकांनी काही न विचारता त्यांच्या हातात पावाचा तुकडा दिला.

"तो हिचा कुत्रा," डॉक्टर तुकडा हातात फिरवत म्हणाले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, हे गल्लीला माहीत होतं. "ती गेली आणि हा भुंकायचाच बंद झाला. जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. घसा ठीक आहे म्हणाले. तुमची भुंकायला लागली ना, की हा जाऊन भिंतीला नाक लावून बसायचा. तासन् तास. मला ते बघवायचं नाही. मग मी तुमच्याकडे यायचो... तक्रार करायला."

बसबाई पायरीवर त्यांच्या शेजारी टेकल्या. इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि पलीकडे नाक लावून कुणी बसलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"भिंतीत दार पाडायचं होतं हो," त्या म्हणाल्या.

"ब्रश तोंडात असताना मी सकाळी तेच म्हणत होतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे, दार नाही. सुखरूप जा म्हणत होतो. तुम्ही गेल्यावर घर फार शांत होणार, असंही."

काका हसले. मग बायकोला न विचारता बोलून मोकळे झाले, "डॉक्टर, तुम्हीपण चला ना."

बसबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की बसमधल्या बारक्या पोरांनी चळाचळा कापावं. पण मग त्यांनी नदीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तंबू आहे आमच्याकडे एक. घोरत असाल तर त्यात झोपा. नसाल तरी त्यातच झोपा."

"माझे पेशंट आहेत बाई. एकाची दाढ अर्धी कोरून ठेवलीय."

"मग ती भरून या. आम्ही काही विमानानं चाललो नाही."

डॉक्टर उठले. पट्टा हातात गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. दोनदा युवराजला हाक मारली. दोन्ही वेळा तो मनापासून आला, हात चाटून गेला, आणि दोन्ही वेळा परत पाण्यात.

"राहू दे त्याला," डॉक्टर म्हणाले. हसत होते, पण नाक ओढत होते. "कान कोरडे करा त्याचे. आणि विजा चमकल्या की घाबरतो, जवळ घ्या."

"गोणी घेईल."

त्यांची गाडी वळून शहराकडे गेली. बस पुन्हा रस्त्याला लागली तेव्हा लेकीचा फोन आला. बसबाईंनी सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "आई, निघून अर्धा दिवस झाला नाही, आणि कुत्री वाढवलीस, माणसंही वाढवलीस?"

"अजून समुद्र यायचाय," बसबाई म्हणाल्या.

समुद्र तिसऱ्या प्रहरी आला. चढण संपली आणि एकदम खाली, आभाळाखाली, निळ्याची एक रुंद पट्टी दिसली. काकांनी खिडकीची काच खाली केली आणि चार नाकं एकाच वेळी बाहेर आली.

डॉक्टर आठवडा संपायच्या आत आले. किनाऱ्यावरच्या एका लहानशा स्टेशनवर ते आगगाडीतून उतरले. पाठीवर नवीकोरी पिशवी, तिची किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती. बसबाई त्यांना हाक मारणार तेवढ्यात युवराजनंच मारली, आणि फलाटावरच्या साऱ्या माणसांनी वळून पाहिलं. अर्धी कोरलेली दाढ भरून झाली होती. दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांनी पाटी लावली होती: बाहेरगावी गेलो आहे.

"कधी येणार ते लिहिलंत का?" काकांनी विचारलं.

"बघू म्हटलं," डॉक्टर म्हणाले, आणि पोरांच्या त्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. गोणीनं लगेच त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. बसबाईंनी आरशात सगळ्यांना एकदा नीट मोजून घेतलं, माणसं तीन, कुत्री चार, आणि बस उत्तरेकडे काढली.