मोथ्याची कत्तल

अरुंधतीबाई पंधरा दिवसांसाठी पुण्याला लेकीकडे निघाल्या, तेव्हा ऑटोत बसता बसता त्यांनी नवऱ्याला एकच सूचना केली. "मोगऱ्याला हात लावायचा नाही." मोगरा त्यांच्या आईनं कन्हानच्या माहेरच्या अंगणातून दिलेला. आता तिकडं आईही नव्हती आणि अंगणही.

मार्तंडरावांनी मोगऱ्याला हात लावलाच नाही. त्यांचं वैर मोगऱ्याभोवती माजलेल्या मोथ्याच्या तणाशी होतं. तीस वर्षं कचेरीत त्यांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं; तो सगळा साठा शिल्लक होता.

पहिल्या दिवशी त्यांनी खुरप्यानं दोनशे मुंडकी उडवली. चौथ्या दिवशी दोनशेची सहाशे झाली. मग फावडं आलं. जमिनीतल्या काळ्या गाठी ओढून त्यांनी फरशीवर दगडानं ठेचल्या. ज्या निघेनात त्यांचे जागच्या जागी तुकडे केले. बनियनभर चिखल, चेहऱ्यावर समाधान.

"काहून तोडून राहिले, साहेब?" माळी कवडू तंबाखू मळत म्हणाला. "गाठींची माळ राहते त्याची. माळ तुटली का गाठ अन् गाठ फुटते. पुरी खणून काढा लागते."

"तू मले शिकवू नको गा. याचा वंशच संपवतो."

आठव्या दिवशी उकळतं पाणी ओतलं. पाती उभ्या उभ्या शिजली. अकराव्या दिवशी हिरवे भाले पुन्हा वर. त्या दुपारी मार्तंडराव इतवारीच्या बाजारातून खडे मिठाचं पोतं घेऊन आले आणि अख्खा वाफा त्यात पुरला.

मोथा दोन दिवसांत पांढरा पडून मेला. तिसऱ्या दिवशी मोगरा गेला.

"मी हात नाही लावला," त्यांनी कवडूला सांगून पाहिलं.

"बाईले सांगा," म्हणून कवडू सुट्टीवर गेला.

अरुंधतीबाईंनी बॅग फाटकातच ठेवली. वाफा पाहिला, चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकल्या. मग भिंतीला टेकवलेली लोखंडी सब्बल उचलली. मार्तंडराव दोन पायऱ्या वर सरकले.

बाईंनी मोगरा उपसला. प्रत्येक मूळ नखानं खरवडलं. एकच अजून ओलं होतं. त्या आत गेल्या आणि निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं दिलेलं पितळी घंगाळ घेऊन आल्या. ते उपडं केलं आणि बुडावर सब्बल घातली.

"अहो, त्यावर माझं नाव कोरलंय!"

"म्हणूनच." तिसऱ्या घावाला बूड फाटलं. "आता बिनमिठाची माती आणा. डोक्यावरून."

तीन आठवड्यांनी घंगाळात मोगऱ्याला दोन पानं आली. त्यांना खेटून एक हिरवा भाला. मार्तंडरावांचा हात खुरप्याकडे गेला.

"हात लावाल तर!" खिडकीतून आवाज आला. "मुळं एकमेकांत गुंतलीत."

मार्तंडरावांनी तांब्या उचलला.

"पाणी कोणाले देऊन राहिले, साहेब?" कवडूनं विचारलं.

"मोगऱ्याले."

"मोथा बी पिऊन राहिला ना."

"पिऊ दे," मार्तंडराव दात आवळून म्हणाले. "मोगरा मोठा झाला का मंग पाहतो याले."